बोली जिंकून पलटला!

प्रश्न : ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर जुना कॅमेरा लिलावाला टाकला, जिंकणारा आता म्हणतो नको, बायको रागावली. निगेटिव्ह फीडबॅक देऊन टाकू का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : देताच येणार नाही हो, 2008 पासून तिथे विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल निगेटिव्ह लिहिताच येत नाही (मला हे अजूनही एकतर्फीच वाटतं). तो नको म्हणतोय ना, मग वाद न घालता ऑर्डर कॅन्सल करा. नुसताच गप्प बसला असता तर 4 दिवस थांबून, पैसे भरले नाहीत हे कारण निवडून कॅन्सल करायचं, म्हणजे नोंद त्याच्या नावावर होते. मग त्याच्या खालच्या बोलीवाल्याला सेकंड चान्स ऑफर, म्हणजे तीच वस्तू घेण्याची संधी, पाठवा, त्या दुसऱ्याच्याच बोलीच्या किमतीला. आणि सेटिंगमध्ये असे पैसे बुडवणारे ब्लॉक करायची सोय आहे, ती आजच चालू करा.