जपानी सिनेमातली तुमची सर्वात आवडती अभिनेत्री कोण, आणि का?

किनुयो तानाका. आपल्याकडे हे नाव फारसं कानावर पडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१९०९ साली शिमोनोसेकीला जन्म, १४व्या वर्षी मूकपटात पहिलं काम. १९३१ च्या जपानच्या पहिल्या यशस्वी बोलपटातही तीच होती. पन्नास वर्षांत अडीचशेच्या आसपास चित्रपट केले.

मला ती खरी कळली 'रिकुगुन'च्या (१९४४) शेवटात. चित्रपट लष्करासाठी काढलेला, म्हणजे आईनं मुलाला हसत आघाडीवर धाडणं अपेक्षित. पण बिगुल ऐकू येतो आणि ती घराबाहेर धावत सुटते. गर्दीत धक्के खात, रांगेत चालणाऱ्या मुलाचा चेहरा शोधत राहते. कित्येक मिनिटं जवळपास संवादच नाही. शेवटी ती हात जोडून उभी राहते, बस. लष्कर भडकलं आणि दिग्दर्शक किनोशिताला युद्ध संपेपर्यंत पुढचा चित्रपट करता आला नाही.

१९५२ मध्ये दिग्दर्शक मिझोगुचीच्या 'ओहारू' या चित्रपटात पुन्हा तेच धावणं. यातल्या ओहारूचा मुलगा सरदार झालाय, तिला फक्त लांबून बघायची परवानगी आहे. तो ओसरीवरून जातो आणि अंगणात गुडघे टेकून बसलेली ती उठून त्याच्यामागे जाते. मला हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी बघता येत नाही.

पण माझ्या लेखी तिचं सर्वात मोठं धाडस कॅमेऱ्यामागचं. आधी तिनं दिग्दर्शक नारुसेच्या हाताखाली सहायक म्हणून काम शिकून घेतलं आणि १९५३ मध्ये 'कोइबुमी' दिग्दर्शित केला. तिच्याआधी जपानमध्ये कथापट दिग्दर्शित करणारी बाई एकच, ताझुको साकाने. ज्या मिझोगुचीनं तिला सर्वोत्तम भूमिका दिल्या, त्यानंच तिच्या दिग्दर्शनाला विरोध केला. दिग्दर्शक ओझू मात्र पाठीशी उभा राहिला; तिच्या दुसऱ्या चित्रपटाच्या पटकथेत त्याचा हात आहे. एकूण सहा चित्रपट तिनं केले.

त्यातला तिसरा, १९५५ चा, आवर्जून बघा. स्तनाच्या कर्करोगानं १९५४ मध्ये गेलेल्या कवयित्री फुमिको नाकाजो हिच्यावर तो आहे. आजारी बाईला नुसतं सोशिक न दाखवता, तिची वासना, तिचा राग, तिच्या कविता, सगळं तानाकानं पडद्यावर आणलं.

अभिनय शेवटपर्यंत सुटला नाही. १९७५ मध्ये, पासष्टीत, 'सांदाकान ८'मधल्या म्हाताऱ्या ओसाकीसाठी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी ती गेली.