वर्टचं पाणी आणि मे महिन्यातला बर्फ

(परवानाधारक मायक्रोब्रुअरीत चाचणीसाठी बिअरच्या छोट्या बॅच करणाऱ्या वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : 5 किलो माल्टला (मोड आणून वाळवलेलं धान्य) 25 लिटर पाणी घेतलं. फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) 20 लिटर हवं होतं, हाती आलं साडेतेरा. पाणी गेलं कुठे? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पाण्याचा हिशेब नेहमी शेवटाकडून मांडा. फर्मेंटरमध्ये 20 लिटर, कढईच्या तळाशी हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि गाळात अडकणारं दीड लिटर, म्हणजे थंड वर्ट (माल्टचा गोड अर्क, यीस्ट टाकण्याआधीचा) साडेएकवीस. उकळतं वर्ट गार होताना साधारण 4 टक्के आकसतं, म्हणून उकळी संपताना साडेबावीस दिसायला हवं. तासाभरात साडेतीन लिटर आटतं असं धरलं, तर उकळीला चढवताना 26 लिटर लागेल. कोरडा माल्ट किलोमागे सुमारे लिटरभर पाणी पिऊन बसतो, ते चोथ्याबरोबर जातं : 5 लिटर. मॅशच्या (माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवण्याच्या) भांड्यात तोटीखाली राहणारं 1 लिटर धरा. एकूण 32.

यातलं 15 लिटर मॅशला (किलोला 3 लिटर) आणि 17 लिटर चोथा धुवायला. पहिल्या धारेला 9 लिटर येईल, धुवून 17, झालं 26.

आटण्याचा आकडा मात्र आमचा घेऊ नका. तो कढईच्या तोंडावर आणि बर्नरवर ठरतो. तुमच्याच कढईत साधं पाणी तासभर खळखळ उकळा आणि गार झाल्यावर मोजा. मोजायला स्टीलची पट्टी कढईत उभी धरून, लिटर-लिटर पाणी ओतत तिच्यावर खुणा करून ठेवा. अंदाजपंचे काम इथेच फसतं.

आधणाचं तापमानही ऋतूप्रमाणे बदला. मॅश 66 अंशांवर हवा असेल, तर मे महिन्यात 35 अंशांच्या माल्टला 70 अंशांचं आधण पुरतं. डिसेंबरच्या सकाळी माल्ट 18 वर असतो तेव्हा साडेबहात्तर लागतं. भांडं आधी तापवून घेतलेलं हवं, नाहीतर ते स्वतःच दोन-तीन अंश खातं.

टँकरचं किंवा नळाचं क्लोरीनवालं पाणी असेल, तर 32 लिटरला पाव ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ढवळा. नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो आणि तो पुढे कशानेही जात नाही.

प्रश्न : तांब्याची कॉइल (वर्टमध्ये बुडवायची, आतून पाणी वाहणारी वेटोळी नळी) लावूनही वर्ट 40 अंशांखाली येत नाही. शिवाय एवढं पाणी वाया घालवणं पटत नाही. (वाळूज)

उत्तर : कॉइलमधल्या पाण्यापेक्षा वर्ट गार होणारच नाही, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच 36-38 असतं. म्हणून काम दोन टप्प्यांत करा.

पहिल्या टप्प्यात टाकीचं पाणी सोडून 45 अंशांपर्यंत या. 50-60 लिटर लागेल. पहिली बादली कढत निघते, ती भांडी धुवायला ठेवा; उरलेलं पिंपात साठवा. कॉइलमधलं पाणी वर्टला लागत नाही, ते स्वच्छच असतं. आपल्याकडे हे पाणी गटारात सोडणं अक्षम्य आहे.

दुसऱ्या टप्प्यात बादलीत 8 लिटर पाणी, त्यात फोडलेला बर्फ आणि डेझर्ट कुलरचा छोटा पंप. कॉइलमधून बाहेर पडणारं पाणी परत त्याच बादलीत. 45 वरून 20 वर यायला साडेसात किलो बर्फ खर्ची पडतो. 10 किलोची लादी आणा, वाटेतही वितळते.

दोन्ही टप्प्यांत वर्ट ढवळत राहा. न ढवळल्यास कॉइलभोवती गार थर धरतो आणि मधलं वर्ट तसंच तापलेलं राहतं. उकळीच्या शेवटच्या 15 मिनिटांत कॉइल आत सोडा, म्हणजे ती निर्जंतुक होते. रबरी नळीचे जोड आणि क्लिपा कढईच्या बाहेर, काठापलीकडे हव्यात. एक सैल क्लिप थेंबथेंब कच्चं पाणी वर्टमध्ये सोडते आणि अख्खी बॅच आंबते. बाजारचा बर्फ थेट वर्टमध्ये टाकणं तर नकोच.

एल यीस्ट (एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट) 35 अंशांवर टाकण्याची घाई करू नका. उग्र, डोकं चढवणारे अल्कोहोल तयार होतात. 18-20 वर आल्यावरच टाका.

प्रश्न : तरीही 18 लिटरच भरलं तर?

उत्तर : आधी ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता, म्हणजे साखरेचं माप) बघा. 1.056 असेल तर उकळून गार केलेलं 2 लिटर पाणी घाला, 1.050 वर येईल. ती मुळातच 1.050 असेल, तर 18 लिटरच राहू द्या.