बर्फातलं यकृत आणि घाई

प्रश्न : प्रत्यारोपणासाठी काढलेलं दात्याचं यकृत बर्फाच्या पेटीत असतं, तरी ग्रीन कॉरिडॉरची (रुग्णवाहिकेसाठी मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याची) एवढी धावपळ का?

बर्फाने पेशींची भूक कमी होते, मरत नाही. ४ अंशांना त्यांचं कामकाज नेहमीच्या दहा टक्क्यांच्या आसपास उरतं, पण रक्त बंद असल्याने तेवढीही ऊर्जा मिळत नाही. साठा संपला की सोडियम बाहेर टाकणारे पंप थांबतात, पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. म्हणून रक्तवाहिन्यांतून यूडब्ल्यूसारखं (युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन) अवयव टिकवणारं खास द्रावण सोडतात. त्यातले लॅक्टोबायोनेट, रॅफिनोज हे मोठे रेणू पेशीत शिरत नाहीत आणि पाणी बाहेरच धरून ठेवतात. मग द्रावणात बुडवलेलं यकृत एकात एक अशा तीन निर्जंतुक पिशव्यांत बांधतात आणि बर्फ बाहेरून लावतात. बर्फ थेट टेकला तर तेवढा भाग गोठून कामातून जातो. एवढं करूनही १२ तासांच्या आत, शक्यतो ८ तासांतच, रक्त सुरू झालेलं बरं. यकृतात चरबी जास्त असेल तर तेवढीही सवलत नाही.

प्रश्न : रक्त सुरू झाल्यावर इजा वाढते, हे खरं?

खरं, आणि नातेवाइकांना हेच पटत नाही. रक्ताविना पेशींत सक्सिनेट हे ऊर्जाप्रक्रियेतलं रसायन साचतं. प्राणवायू परतताच ते झपाट्याने जळतं, त्यातून पेशींना इजा करणारे प्राणवायूचे घातक कण (मूलकं) सुटतात आणि मागोमाग सूज येते. दुसरा धोका पोटॅशियमचा. यूडब्ल्यूच्या एका लिटरमध्ये ते सुमारे १२५ मिलिमोल असतं, रक्तात ४-५. ते तसंच हृदयाकडे गेलं तर ठोके थांबू शकतात. म्हणून रक्तवाहिन्यांवरचे चिमटे (क्लॅम्प) काढण्याआधी यकृत सलाईन किंवा अल्ब्युमिनने धुतात. बऱ्याचदा पहिलं थोडं रक्तही बाहेर सोडतात. या घडीला भूलतज्ज्ञ पोटॅशियमपासून हृदयाला वाचवणारं कॅल्शियम हाताशी ठेवूनच उभे असतात.

प्रश्न : बर्फाऐवजी यकृतातून रक्त किंवा द्रावण फिरवणाऱ्या मशीनचा उपयोग होतो का?

होतो. ३७ अंशांवर रक्त फिरवलं तर यकृत लॅक्टेट (प्राणवायू कमी पडला की साचणारं आम्ल) उतरवतं का, पित्त बनवतं का, हे बसवण्याआधीच दिसतं. दुसरी पद्धत १० अंशांच्या आसपास प्राणवायूयुक्त द्रावण फिरवण्याची. हृदय थांबल्यावर दान झालेल्या यकृतात तिने पित्तनलिका आक्रसण्याचं प्रमाण घटतं. खर्च मात्र मोठा आहे.

प्रश्न : ऑपरेशननंतर एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजाराच्या वर गेलं. घाबरावं का?

पहिल्या दोन दिवसांत चढून मग रोज उतरत असेल तर नाही. पहिल्या आठवड्यात ते २००० च्या वर गेलं, किंवा सातव्या दिवशी बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं रंगद्रव्य) १० च्या वर किंवा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.६ च्या वर असेल, तर यकृत नीट रुजलेलं नाही असं समजून डॉक्टर आधी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून यकृताची धमनी वाहते आहे का ते पाहतात.