वाचकांचे प्रश्न : पोकिप्सीची माणसे

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावरील आमच्या लेखात त्यांची रक्षा अमेरिकेतील पोकिप्सी या गावी ठेवलेली आहे, असा एका ओळीचा उल्लेख होता. त्या ओळीवर आलेल्या पत्रांतील चार प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : आनंदीबाई पोकिप्सीला राहत होत्या का? नसतील, तर त्यांची रक्षा तेथे कशी पोहोचली? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : आनंदीबाई पोकिप्सीच्या रहिवासी नव्हत्या. त्यांचे अमेरिकेतील वास्तव्य मुख्यतः दोन ठिकाणी झाले : न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटर कुटुंबाच्या घरी आणि फिलाडेल्फियात, जेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे गोपाळरावांचे पत्र एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले होते आणि ते थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले, तेव्हा त्या दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. १८८० मध्ये त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले आणि एकमेकींना कधीही न पाहिलेल्या या दोघींमध्ये असा जिव्हाळा निर्माण झाला की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ४ जून १८८३ रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी नेमणूकही झाली. परंतु क्षयाने खंगलेल्या अवस्थेतच त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा महिनाभर अवकाश होता.

त्यांची रक्षा पुढे मावशींकडे पाठविण्यात आली आणि मावशींनी ती पोकिप्सीच्या रूरल सेमेटरी या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. परक्या देशातून आलेल्या, दुसऱ्या धर्माच्या मुलीला आपल्या घरच्या माणसांमध्ये कायमची जागा देणे ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती, आणि माझ्या मते या सगळ्या हकिगतीत सर्वांत कमी सांगितली गेलेली गोष्ट हीच आहे.

गावाच्या नावाविषयीही काहींनी विचारले आहे. ते मूळचे तेथील आदिवासी वॉपिंजर लोकांच्या भाषेतले असून लहानशा पाण्याकाठची बोरूने शाकारलेली झोपडी, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. इंग्रजी स्पेलिंग पाहून मराठीत ते वेगवेगळ्या प्रकारे लिहिले जाते. स्थानिक उच्चार ‘पकिप्सी’च्या जवळ जातो. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे १२० किलोमीटरवर, हडसन नदीच्या पूर्व काठावर हे गाव आहे. १८५४ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि १८८० च्या जनगणनेत तेथे सुमारे वीस हजार लोक होते.

प्रश्न : पोकिप्सीतील प्रसिद्ध स्त्री-महाविद्यालय बीअरच्या कारखानदाराने काढले, असे वाचले. हे खरे आहे का आणि त्याला ही बुद्धी कशी झाली? (एक निवृत्त शिक्षिका, नाशिक)

उत्तर : खरे आहे. ते व्हासर महाविद्यालय. त्याचे संस्थापक मॅथ्यू व्हासर यांचा जन्म १७९२ मध्ये इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात झाला आणि ते चार वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत आले. वडील पोकिप्सीत बीअर बनवून विकू लागले. त्यांनी मुलाला कातडी कमावण्याच्या धंद्यात शिकाऊ म्हणून पाठवायचे ठरविले, तेव्हा चौदा वर्षांचा मॅथ्यू घरातून पळाला व नदीपलीकडे दुकानात नोकरी करून काही वर्षांनी परतला. १८११ मध्ये वडिलांचा कारखाना आगीत गेला आणि त्यानंतर एक-दोन दिवसांतच काही बीअर वाचली आहे का हे पाहण्यासाठी हौदात उतरलेला थोरला भाऊ तेथील वायूने गुदमरून मेला. एकोणीस वर्षांच्या मॅथ्यूने त्यानंतर स्वतः थोडी थोडी बीअर तयार करून ती गावभर पोहोचविण्यास सुरुवात केली. कोर्टाच्या इमारतीच्या तळघरात तो बीअर आणि कालवे विकत असे. शाळेचे शिक्षण जेमतेम झालेल्या या माणसाने त्या तळघरापासून गावातील सर्वांत मोठ्या संपत्तीपर्यंत मजल मारली.

त्यांना मूल नव्हते. १८४५ च्या युरोप प्रवासात त्यांनी लंडनमध्ये गाय्ज हॉस्पिटल पाहिले. ते स्थापन करणारे टॉमस गाय हे व्हासर घराण्याचे नातलग मानले जात, म्हणून आपणही गावाला असेच एखादे रुग्णालय द्यावे, असे त्यांच्या मनात घोळू लागले. त्यांच्या नात्यातली लिडिया बूथ पोकिप्सीत मुलींची शाळा चालवीत असे, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाचा विषय घरात नवा नव्हता. तिच्या मृत्यूनंतर ती शाळा मायलो ज्युएट या शिक्षणतज्ज्ञाने घेतली. स्त्रियांसाठी नाव घेण्याजोगी महाविद्यालये देशात फारशी नाहीत, तेव्हा पुरुषांच्या उत्तम महाविद्यालयांच्या तोडीचे एक महाविद्यालय काढावे, हे ज्युएट यांनी त्यांच्या गळी उतरविले. स्त्रीला विधात्याने पुरुषासारखीच बुद्धी दिली असेल, तर ती वाढविण्याचा अधिकारही तिला पुरुषाइतकाच आहे, असे व्हासर यांनी २६ फेब्रुवारी १८६१ रोजी विश्वस्तांपुढे सांगितले आणि चार लाख आठ हजार डॉलरांचे रोखे असलेली पत्र्याची पेटी त्यांच्या स्वाधीन केली. सोबत दोनशे एकर जमीन दिली.

यादवी युद्ध चालू असतानाच इमारत उभी राहिली आणि सप्टेंबर १८६५ मध्ये ३५३ विद्यार्थिनींनी प्रवेश घेतला. आनंदीबाईंचा जन्म त्याच वर्षीच्या मार्चमधला. २३ जून १८६८ रोजी विश्वस्तांच्या सभेत निवृत्तीचे भाषण वाचत असतानाच व्हासर यांना मृत्यू आला.

हे महाविद्यालय सर्व स्त्रियांसाठी होते, असे मात्र म्हणता येणार नाही. अनिता हेमिंग्ज या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने १८९७ मध्ये तेथून पदवी घेतली, ती आपले कूळ लपवून. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना उघडपणे प्रवेश मिळण्यासाठी १९४० साल उजाडावे लागले. व्हासर यांच्या औदार्याविषयी मनापासून आदर बाळगूनही हे सांगितले पाहिजे.

प्रश्न : त्या काळी अशा महाविद्यालयात शिकवायला स्त्रिया होत्या का? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : होत्या, आणि त्यांतील एक आपल्या काळातील नामवंत खगोलशास्त्रज्ञ होती. मरिया मिचेल यांचा जन्म १८१८ मध्ये नॅन्टकेट या बेटावर झाला. दिवसा ग्रंथपालाचे काम आणि रात्री वडिलांबरोबर आकाशाची निरीक्षणे, असा त्यांचा क्रम होता. १ ऑक्टोबर १८४७ रोजी त्यांनी दुर्बिणीतून एक नवा धूमकेतू शोधला व त्यासाठी डेन्मार्कच्या राजाचे सुवर्णपदक मिळविले. १८६५ मध्ये त्या पोकिप्सीला आल्या आणि वेधशाळेच्या इमारतीतच वृद्ध वडिलांसह राहू लागल्या. बारा इंची दुर्बीण असलेली ही वेधशाळा महाविद्यालयाच्या आवारात सर्वांत आधी पूर्ण झालेली वास्तू होती.

त्यांचे शिकविणे निरीक्षणावर आधारलेले होते. विद्यार्थिनी स्वतः सूर्यावरील डागांची छायाचित्रे घेत, ग्रहांच्या नोंदी ठेवीत आणि गणित मांडीत. १८६९ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी त्या विद्यार्थिनींना घेऊन आयोवा राज्यातील बर्लिंग्टनला गेल्या. बुद्धी मोजण्याचे एकक नसल्यामुळे माणसाच्या बुद्धीला गुण देता येत नाहीत, असे त्यांचे मत होते. एलन स्वॅलो रिचर्ड्स आणि क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन यांच्यासारख्या पुढे विज्ञानात नाव मिळविलेल्या स्त्रिया त्यांच्या हाताखाली शिकल्या.

एवढी ख्याती असूनही त्यांचे वार्षिक वेतन आठशे डॉलर होते, म्हणजे पुरुष प्राध्यापकांच्या निम्म्याहूनही कमी. त्यांनी ते निमूटपणे सोसले नाही. महाविद्यालयाच्या निवासी वैद्य व शरीरशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. अलायडा एव्हरी यांच्याबरोबर त्यांनी समान वेतनाची मागणी केली आणि त्यानंतर दोघींचे वेतन वाढविण्यात आले. डॉ. एव्हरी यांचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. परंतु आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकण्याच्या जवळजवळ दोन दशके आधीच पोकिप्सीत एक स्त्री डॉक्टर मुलींची प्रकृती पाहत होती व त्यांना शरीरशास्त्र शिकवीत होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आनंदीबाई ज्या वाटेने गेल्या, ती आधीच्या अशा अनेक स्त्रियांनी थोडीथोडी मळलेली होती.

प्रश्न : तारायंत्राचे जनक मोर्सही येथलेच का? सामान्य रहिवाशांपैकी कोणाची हकिगत ज्ञात आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सॅम्युएल मोर्स यांनी १८४७ मध्ये गावाच्या दक्षिणेकडील लोकस्ट ग्रोव्ह ही मालमत्ता विकत घेतली आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत उन्हाळा तेथे घालविला. १८४४ मध्ये वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवून त्यांनी कीर्ती मिळविली होती. त्याआधी ते चित्रकार म्हणून ओळखले जात. व्हासर महाविद्यालयाच्या पहिल्या विश्वस्तांतही ते होते. मात्र याच मोर्स यांनी गुलामगिरीच्या समर्थनार्थ लेखन केले, हे त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

त्यांच्या घरापासून थोड्याच अंतरावर, गावाच्या मुख्य रस्त्यावर, जॉन बोल्डिंग नावाचा एक कृष्णवर्णीय शिंपी काम करीत असे. तो दक्षिण कॅरोलायनातून निसटून आलेला गुलाम होता. पळालेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कायदा १८५० मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी बोल्डिंगला त्याच्या कामाच्या जागी अटक करून दक्षिणेत नेण्यात आले. पोकिप्सीच्या रहिवाशांनी वर्गणी जमवून, मालकाने मागितलेली किंमत मोजून त्याला सोडविले आणि तो गावात परतून पुन्हा शिवणकाम करू लागला. माणसाच्या सुटकेसाठी किंमत मोजावी लागली, ही त्या कायद्याची लाज आहे. पण ती मोजायला गाव पुढे आले, हेही तितकेच खरे.

न्यू जर्सीला मुलाकडे जाणार असलेल्या एका वाचकांनी समाधी पाहता येईल का, असेही याच पत्रात विचारले आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून सुटणारी हडसन मार्गावरील गाडी नदीकाठाने सुमारे दोन तासांत पोकिप्सीला पोहोचते. दफनभूमी गावाच्या दक्षिणेस महामार्गालगत आहे आणि लोकस्ट ग्रोव्ह तेथून जवळच आहे. मॅथ्यू व्हासर यांचे स्मारक याच दफनभूमीत आहे; ओकच्या फळाच्या आकाराचा मोठा दगड त्यावर बसविलेला असल्यामुळे ते ओळखू येते. आनंदीबाईंचा दगड साधा आहे. नावापुढे एम. डी. ही पदवी, १८६५ आणि १८८७ ही वर्षे, आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, एवढेच त्यावर कोरलेले आहे.