‘अनब्रेकेबल किमी श्मिट’ काहींना अतिशय आवडते, तर काही जण पहिल्याच भागात का सोडतात? पुढे बघावी का?

तुम्ही लिहिलंय की पहिला भाग बघून हसू आलं आणि लगेच अपराधीही वाटलं: पंधरा वर्षं जमिनीखाली डांबलेल्या मुलीवर विनोद कसला करायचा? ही प्रतिक्रिया अगदी सार्वत्रिक आहे. 6 मार्च 2015 ला मालिका नेटफ्लिक्सवर आली तेव्हापासून प्रेक्षकांत याच मुद्द्यावर फूट आहे. माझं मत आधीच सांगतो. मालिका बघण्यासारखी आहे, पण पहिल्या सीझनवरून तिचा निकाल लावू नका. तिचं खरं म्हणणं दुसऱ्या सीझनच्या उत्तरार्धात कळतं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंडियाना राज्यातल्या डर्न्सव्हिल नावाच्या काल्पनिक गावात एक भोंदू धर्मगुरू चार बायकांना बंकरमध्ये कोंडून ठेवतो. जगबुडी झाली आहे, वर कोणी उरलेलं नाही, असं त्यांना पटवतो. किमी आठवीत असताना पळवली जाते आणि सुटते तेव्हा 29 वर्षांची असते. मुलाखतीसाठी न्यूयॉर्कला आणल्यावर ती गावी परतायचं नाकारते आणि तिथंच राहते. टीना फे आणि रॉबर्ट कार्लॉक यांनी हे लिहिलं ते मुळात एनबीसी वाहिनीसाठी. वाहिनीनं ते नेटफ्लिक्सला दिलं आणि नेटफ्लिक्सनं एकदम दोन सीझनची हमी दिली. पहिल्या सीझनचे भाग आटोपशीर आणि तुलनेनं सोज्वळ का, याचं उत्तर या घडामोडीत आहे. ते वाहिनीच्या वेळापत्रकात बसतील असेच बनवले होते.

आता अस्वस्थतेकडे येऊ. पहिलं कारण म्हणजे खरी घटना. मे 2013 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये एका घरातून तीन स्त्रियांची सुमारे दहा वर्षांनंतर सुटका झाली होती. त्या वेळी एका शेजाऱ्याची मुलाखत इंटरनेटवर गाणं बनून फिरली. मालिकेचं शीर्षकगीत नेमक्या त्याच प्रकारावर बेतलेलं आहे: शेजारी वार्ताहरासमोर बोलतो आणि त्याच्या बोलण्याचं गाणं होतं. ज्या प्रेक्षकांना क्लीव्हलँड आठवतं, त्यांना ही चाल पहिल्या मिनिटातच खटकते. माझ्या मते टोला इथे पीडितांना नाही. चार बायकांच्या सुटकेतून करमणूक काढणाऱ्या माध्यमांना तो आहे. पण गाण्याची चाल इतकी पकडणारी आहे की हा रोख पहिल्या ऐकण्यात निसटतो, हेही खरं.

दुसरं कारण रंग आणि वेग. गुलाबी-पिवळे कपडे, पेटणारे दिवे असलेले बूट, जेवणाऐवजी गोळ्या-चॉकलेटं. भागांची नावंसुद्धा लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकासारखी, ‘किमी बाहेर जाते!’, ‘किमीला नोकरी लागते!’ अशा धर्तीची. मागे ध्वनिमुद्रित हशा नाही, त्यामुळे कुठे हसायचं ते कोणी सांगत नाही, आणि विनोद तर लागोपाठ येतात. एवढं भयंकर घडून ही इतकी आनंदी कशी, हे खोटं आहे, असं म्हणून बरेच जण इथेच थांबतात.

थांबू नका म्हणण्याचं कारण असं. या मालिकेत बंकरमध्ये काय घडलं त्यावर जवळजवळ विनोद नाहीत. लैंगिक अत्याचार झाल्याचं पहिल्या सीझनमध्ये एका ओझरत्या वाक्यात येतं आणि कॅमेरा कधीही तिकडे वळत नाही. विनोदाचा नेम आहे तो धर्मगुरूच्या बडबडीवर, त्याला भुलणाऱ्या गावावर, आणि 1998 नंतरचं जग माहीत नसलेल्या किमीला भेटणाऱ्या शहरी माणसांवर. सुरुवातीच्याच भागांत ती एक युक्ती सांगते: कुठलीही गोष्ट दहा सेकंद सहन करता येते, मग पुढची दहा सेकंदं मोजायची. हसत सांगितलेली ही ओळ बंकरमध्ये एक जड दांडा तासन्‌तास फिरवताना शिकलेली आहे. हे ध्यानात आलं की तिचा आनंद भाबडेपणा वाटत नाही. तो तिनं कमावलेला, मेहनतीनं टिकवलेला वाटतो.

पहिल्या सीझनचे शेवटचे तीन भाग, 11 ते 13, खटल्याचे आहेत. धर्मगुरूच्या भूमिकेत जॉन हॅम आहे. तो स्वतःचा वकील स्वतःच होतो आणि कोर्टाला गोड बोलून गुंडाळतो. देखणा, हसरा माणूस बोलू लागला की समोरचे पुरावे विसरतात, हे इथे जितकं हसवतं तितकंच चीड आणतं. बुवाबाजीच्या बातम्या वाचणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हे तीन भाग समजावून सांगावे लागणार नाहीत.

दुसऱ्या सीझनचा नववा भाग गाठलात की मालिका उघडपणे जखमेकडे वळते. किमीला रात्री दारूच्या नशेत असलेली एक बाई भेटते. दिवसा शुद्धीवर असताना तीच मानसोपचारतज्ज्ञ असते, आणि ती भूमिका टीना फे स्वतः करते. दहाव्या भागात किमी राग दाबण्यासाठी मनातल्या एका कार्टूनच्या जंगलात जाते आणि ते जंगलच बिघडू लागतं. तेराव्यात ती ओरलँडोला आईसमोर उभी राहते. रोलरकोस्टरच्या वेडापायी घराबाहेर राहणाऱ्या आईवरचा राग आणि अपहरणकर्त्यावरचा राग तिच्या मनात कसे एकमेकांत मिसळलेत, ते त्या प्रसंगात दिसतं. मला हा संपूर्ण मालिकेतला सर्वोत्तम भाग वाटतो. ज्यांना सुरुवात उथळ वाटली होती, त्यांचं मत बहुधा या टप्प्यावर बदलतं.

सगळे आक्षेप मात्र असे विरघळत नाहीत. किमीला नोकरीवर ठेवणारी जॅकलिन ही श्रीमंत बाई जन्मानं लकोटा आदिवासी असल्याचं दाखवलंय आणि भूमिका गोऱ्या जेन क्राकोव्स्कीनं केली आहे. डाँग हा व्हिएतनामी मुलगा गणितात हुशार, चिनी जेवण पोहोचवणारा, म्हणजे ठरावीक साच्यातला. यावर टीका झाली, ती रास्त होती. दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागात किमीच्या खोलीत राहणारा तिचा कृष्णवर्णीय मित्र टायटस गेइशाचं, म्हणजे जपानी कलावंतिणीचं, सोंग घेऊन एकपात्री प्रयोग करतो आणि इंटरनेटवरचे निषेधक प्रयोग न बघताच तुटून पडतात. टीकाकारांना हे उत्तर होतं, आणि माझ्या मते ते चुकलं. प्रश्न विचारणाऱ्यांनाच हास्यास्पद ठरवल्यानं मूळ प्रश्न तसाच राहिला. हा भाग वगळलात तरी कथेचं काही अडत नाही.

एक दृश्य काळानुसार बदललं. पहिल्या भागात मॅट लाउअर हा खरा सूत्रसंचालक या बायकांची मुलाखत घेतो. त्यांतली एक सांगते की उद्धट वाटू नये म्हणून ती धर्मगुरूबरोबर गेली, आणि बायका उद्धट ठरू नये म्हणून काय काय करतात याचं लाउअर नवल करतो. 2015 मध्ये हे धारदार वाक्य होतं. नोव्हेंबर 2017 मध्ये लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारीवरून एनबीसीनं त्याला काढलं. आज ते वाक्य ऐकताना अंगावर काटा येतो.

बघताना दोन गोष्टी करा. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, कारण अर्धे विनोद शब्दांच्या खेळात आहेत. आणि एका बैठकीत दोनच भाग बघा. सलग पाहिलं की किमीचा उत्साह थकवतो आणि टायटस वगळता सगळे कर्कश वाटू लागतात. टायटसची भूमिका करणारा टायटस बर्जेस हा तर मालिकेच्या कडव्या टीकाकारांनाही आवडला. लहान मुलांबरोबर बघू नका, रंग कितीही गोजिरे असले तरी.

तिसरा सीझन मध्येच ढेपाळतो. चौथ्यातला तिसरा भाग माहितीपटाच्या थाटात आहे: धर्मगुरू निर्दोष आहे असं मानणारा एक माणूस फिल्म बनवतो आणि त्याला ऐकणारे लोकही भेटतात. तो चुकवू नका. एकूण 51 भाग 2019 च्या जानेवारीत संपले. मे 2020 मध्ये प्रेक्षकानं निर्णय घ्यायचा असा एक विशेष भाग आला होता, त्यात धर्मगुरूचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. नेटफ्लिक्सनं तो मे 2025 मध्ये काढून टाकला, त्यामुळे आता तो शोधत बसू नका. 51 व्या भागात कथा पुरी होते.