पेटी वाजवणारे आजोबा गेले. त्यांच्या कॅसेट, वह्या आणि पेटी कशी जपावी?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, नातवंडांना सारेगम त्यांनीच शिकवलं. मागे चाळीसेक कॅसेट, दोन वह्या आणि पेटी आहे, आणि वर्षश्राद्धाला तीन महिने उरलेत.

आधी कॅसेट घ्या. नव्वद मिनिटांची कॅसेट लॅपटॉपवर उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही. ४० कॅसेट म्हणजे ६० तास; रोज एक धरली तर दीड महिना.

टेप दिसते त्याच्या विरुद्ध कडेला प्लास्टिकचे दोन चौकोनी टवके असतात, ते पहिल्यांदा तोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा, नाहीतर हेडवरून (प्लेअरमध्ये टेप जिथे घासून वाचली जाते तो भाग) पुढच्या कॅसेटला लागेल. मधल्या खिडकीत टेपच्या मागे पत्र्याच्या पट्टीवर फेल्टचा तुकडा असतो. गोंद सुकून तो पडला की आवाज दबका येतो, मधेच जातो, आणि लोक टेपच गेली समजून कॅसेट फेकून देतात. पाच स्क्रूची एखादी जुनी कॅसेट उघडा आणि आजोबांच्या टेपची दोन्ही चाकं तिच्यात बसवा, काम होतं.

यूएसबीचे छोटे स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यांची गती डुलते. गाण्यात ते एकवेळ खपून जातं, पण पेटीचा लांब धरलेला सूर लगेच थरथरतो. कुणाकडे जुना चांगला कॅसेट डेक असेल तर तो मागून आणा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने दर चार-पाच कॅसेटनंतर पुसा. रबरी रोलरला मात्र ओलसर फडकंच लावा. डेकच्या लाइन आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपला देणारी छोटी डबी) आणि तिथून लॅपटॉपवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये घ्या. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारची. तासाला साधारण १ जीबी लागतो. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. खरखर काढायचा मोह मूळ फाइलवर नको, तिच्याबरोबर टाळांची किणकिणही जाते. प्रयोग प्रतीवर करा.

भजन संपलं म्हणून रेकॉर्डिंग थांबवू नका, टेप संपेपर्यंत चालू द्या. घरगुती कॅसेट पुन्हापुन्हा वापरलेल्या असतात. बाजूच्या शेवटच्या पाच-सात मिनिटांत जुनं काहीतरी उरलेलं सापडतं, कुणा पोराची सारेगम किंवा ‘अरे, हळू भाता मार’. बोलणं कापून नुसतं संगीत ठेवणं ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक.

गती बरोबर आहे का हे पाहायला तुमच्याकडेच साधन आहे: ती पेटी. आजोबा काळी दोनला (दुसऱ्या काळ्या पट्टीला) सा धरत असतील तर तीच पट्टी दाबा आणि टेपशी ताडून पाहा. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे गतीत सुमारे ६ टक्के चूक. दुरुस्त करताना गती आणि सुराची उंची एकदम बदला, नुसती उंची नको. पेटी मधे पुन्हा सुरात लावून घेतली असेल तर हा ताळा फसतो.

वह्या उलगडताना आधी स्वरलिपी, म्हणजे सूर लिहिण्याची पद्धत, ओळखा. सुराच्या डोक्यावरचा टिंब भातखंडे पद्धतीत तार (वरचं) सप्तक दाखवतो, पलुसकर पद्धतीत मंद्र (खालचं)! समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि कालाला (तालातल्या खालीला) ० असेल तर भातखंडे. १ आणि + असेल तर पलुसकर. फोटो खिडकीच्या उजेडात, एकेका पानाचे, वहीच्या कव्हरासकट घ्या. समासातली तारीख, नाव, चहाचा डागही येऊ द्या.

पेटीला तेल कुठेच लावू नका. एखादा सूर किरकिरत असेल तर बहुधा त्या सुराच्या पितळी जिभेखाली (रीडखाली) कचरा अडकलेला असतो. पातळ कडक कागद अलगद सरकवून तो निघतो. भाता गळत असेल तर कारागिराकडेच न्या. ‘पट्ट्याही नव्या टाकून देतो’ असं तो आपणहून म्हणेल. नाही म्हणा, आणि जुन्या पट्ट्या आहेत तशाच बसवून द्यायला आधीच सांगून ठेवा. बोटांनी झिजून जिथे खळगा पडलाय, त्या सुरांवर त्यांचा हात सर्वांत जास्त असायचा.