संगमरवरात चूक झाली की काम वाया जाते, ब्राँझमध्ये मात्र ती दुरुस्त करता येते, हे खरे आहे का?

शिल्पकलेच्या पहिल्याच वर्षी हे ऐकल्यामुळे दगडाला हात लावण्याची भीती वाटते, असे आपण लिहिले आहे. वडोदऱ्यात गेली 20 वर्षे मी दोन्ही माध्यमांत काम करते आणि माझ्या अनुभवाने हा समज अर्धाच खरा आहे.

दगडाचा काढलेला भाग परत लागत नाही, हे खरे. पण म्हणूनच नाक, कान, बोटे यांच्यापाशी आम्ही शेवटपर्यंत जादा दगड राखतो, आणि छिन्नी घसरलीच तर भोवतीचा आकार थोडा आत घेऊन ती चूक जिरवता येते. खरा घात करते ती आत दडलेली चीर. राजस्थानातल्या मकराण्याच्या संगमरवराचा एक ठोकळा मी न तपासता घेतला होता. दीड महिन्याच्या कामानंतर मूर्तीचा हात मनगटापाशी निखळून माझ्या ओंजळीत आला. तेव्हापासून मी ठोकळ्यावर पाणी ओतते आणि तो वाळेपर्यंत तिथेच थांबते, कारण बाकीचा दगड कोरडा झाला तरी चिरेची रेघ ओली राहते. हातोडीने वाजवूनही पाहावे. चांगला दगड खणखणीत वाजतो, चिरलेला बद्द.

ब्राँझमध्ये छिद्रे बुजवता येतात, वेल्डिंग करून सांधा कानशीने घासता येतो. परंतु ब्राँझची मूर्ती आधी मेणात घडवतात, तिच्यावर साचा चढवून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. त्यामुळे मेणावर राहून गेलेला अंगठ्याचा ठसासुद्धा धातूत जसाच्या तसा उतरतो. मेणाची जाडी सगळीकडे सारखी, साधारण 5-6 मिलिमीटर, नसेल तर जाड भाग उशिरा थिजून तिथे खळगा पडतो. साच्यात ओल राहिली तर 1100 अंशांच्या वर तापलेला रस वाफेने उसळतो आणि ते ओतणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. शिवाय भरणीचा धातू मूळ मिश्रणाशी जुळला नाही, तर रसायनांनी रंग चढवताना झाकलेली दुरुस्ती पुन्हा उघडी पडते.

म्हणून माध्यम आकारावरून ठरवा. वडोदऱ्यातला, काळ्या घोड्यावरचा सयाजीराव महाराजांचा ब्राँझचा पुतळा एकदा शांतपणे पाहा. तेवढा भार त्या बारीक पायांवर ब्राँझच पेलते. संगमरवरात घोड्याच्या पोटाखाली आधार ठेवावा लागला असता. आपल्याला घडवायची असलेली, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली आजी मात्र बंदिस्त आकाराची आहे, तिचे हातपाय बाहेर आलेले नाहीत. ती निःशंकपणे दगडात करा. आधी मातीत वीतभर नमुना करा आणि ठोकळ्यात हातांच्या बाजूला बोटभर दगड जास्त ठेवा.